हस्तकला पेटी: आत काय आहे ते नंतर, चूक परत घेता येते का ते आधी बघा

तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात काचेमागे, जत्रेत चादरीवर आणि आता पार्सलनेही गावात येणारी ही रंगीत खोक्यातली हस्तकला पेटी. वर छापलेलं असतं, 'वय ३ ते ८'. किंमत साधारण साडेतीनशे ते पाचशे रुपये. कंपन्या वेगवेगळ्या, आतला माल जवळपास तोच: बारा रंगांच्या क्लेच्या कांड्या, छोटी कात्री, गोंदाची कांडी, आइस्क्रीमच्या काड्या, रंगीत कार्डपेपर, लोकरीची तार, चिकटवायचे डोळे, स्टिकर आणि कृतीची चित्रं असलेला एक घडीचा कागद.

पेटी दिसायला कशी आहे, खोकं किती मजबूत आहे, हे इथे पाहिलेलं नाही. एकच गोष्ट तपासली आहे. चार-पाच वर्षांचं पोट्टं ही पेटी घेऊन ओसरीवर बसलं आणि मधेच अडलं, तर ते पुन्हा हात घालतं, की "मले नाही येत" म्हणून सगळं ढकलून देतं?

बहुतेक घरांत दुसरंच घडतं, आणि मग माय म्हणते, याला धीरच नाही. यात मुलावर अन्याय होतो. या वयात डोक्यातलं चित्र हाताच्या बरंच पुढे असतं. डोक्यात शिंगंवाला, झूल घातलेला बैल तयार असतो आणि हातातून निघतो तो बटाटा. हे अंतर भरायला आठ-दहा वेळा चुकावं लागतं. म्हणून साहित्य असं हवं की चूक परत घेता यावी. मातीचा पाय निखळला तर पुन्हा लावता येतो, ठोकळ्यांचा मनोरा पडला तर पुन्हा रचता येतो. कागद मात्र एकदा वाकडा कापला की वाकडाच, आणि गोंदाने तिरपा बसलेला डोळा तिरपाच. या पेटीतल्या वस्तूंकडे त्या नजरेने पाहिलं तर चूक माफ करणाऱ्या तीनच आहेत: क्ले, तार आणि गोंद लागायच्या आधीच्या काड्या. बाकी सगळं एकदाच घडणारं. आणि कृतीच्या कागदावरचा पहिलाच नमुना कार्डपेपर कापून, चिकटवून करायचा फुलपाखराचा असतो. सुरुवातच सगळ्यात अवघड टोकाकडून.

झाकणावरचा फोटो

पेटी मुलाच्या हातात द्यायच्या आधी झाकण काढा आणि माळ्यावर टाका. त्यावरचं घर, मोर, रोबो मोठ्या माणसाने, धारदार कटरने, चांगल्या उजेडात केलेले असतात. चार वर्षांच्या मुलाला ही तफावत कळते, पण तिचं कारण कळत नाही. ते आपला मोर त्या मोराशेजारी ठेवतं आणि गप्प होतं. कृतीचा कागदही पहिल्या दिवशी नको. त्यात सहा चित्रांत जे दाखवलेलं असतं, त्यात प्रत्यक्षात पंधरा-सोळा बारीक कामं असतात. तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मधे 'गोंद वाळू द्या' हे लिहायचंच राहिलेलं असतं, आणि मूल नेमकं तिथेच अडतं.

नमुना दाखवायचाच असेल तर अर्धवट दाखवा. तीन पायांचा बैल, एका चाकाची बंडी (बैलगाडी). पुढचं काय ते मुलाला दिसतं आणि बरोबरी करायला समोर पूर्ण वस्तू नसते.

कात्री

पेटीतली सगळ्यात निकृष्ट वस्तू हीच, आणि मुलांच्या रडण्यात सर्वांत मोठा वाटाही हिचाच. दोष बहुतेकदा स्क्रूत असतो. स्क्रू ढिला असला की दोन्ही पाती एकमेकांना घासून चालत नाहीत, मधे फट राहते आणि कागद न कापता त्या फटीत दुमडतो. मूल जोर वाढवतं, कागद आणखी दुमडतो. मुलाला वाटतं, आपल्याच हातात दम नाही.

दुकानात पेटी उघडून पाहायला मिळाली तर वर्तमानपत्राचा तुकडा पात्याच्या अगदी टोकाशी धरून कापा. टोकाने स्वच्छ कापली तर कात्री ठीक. कागद टोकाशी अडकला तर घरी जाऊन छोट्या पेचकसाने स्क्रू पाव फेरा आवळून बघा. तरीही अडकत असेल तर ती कात्री क्लेच्या वळ्या कापायला ठेवा आणि पाच इंची, गोल टोकाची, पोलादी पात्याची कात्री वेगळी घ्या. पाती प्लास्टिकची असतील तर कागदाचा नादच सोडा, त्या मातीसाठीच आहेत.

डावखुऱ्या मुलाची अडचण वेगळी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरून दाबली की पाती एकमेकांवर येण्याऐवजी फाकतात, आणि वरचं पातं रेघेच्या आड येतं. ते मूल मठ्ठ नसतं, कात्री उलटी असते. डाव्या हाताची कात्री तालुक्याला सहसा ठेवत नाहीत, सांगून मागवावी लागते. तोवर कागद फाडून चिकटवण्याचं काम द्या. हात बदलायला लावू नका.

आता कागद. वर्तमानपत्र लुळं पडतं, पेटीतला कार्डपेपर ताठ असतो. शिकणाऱ्या हाताला मधला कागद लागतो आणि तो घरात फुकट असतो: गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान. त्याच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या मोठ्यांनी कापून द्याव्यात. मुलाने फक्त एकदा 'कच' करायचं, तुकडा खाली पडतो. पट्टी एकाच घावात तुटते, म्हणून फसायला जागाच नाही. असे वीस-पंचवीस तुकडे झाले की ते एखाद्या काढलेल्या बैलाच्या अंगावर झूल म्हणून चिकटवायचे. तीन वर्षांच्या मुलाला महिनाभर एवढंच पुरतं. नंतर चार-पाच सेंटिमीटरची पट्टी, जिला दोन-तीन घाव लागतात. मग सरळ रेघ.

रेघ पेनाने बारीक आखू नका. खडूने किंवा स्केचपेनने बोटभर जाड पट्टा ओढा आणि सांगा, या पट्ट्याच्या आत कुठूनही कापलंस तरी बरोबर. बारीक रेघेवर मूल दर दोन घावांनी चुकतं, जाड पट्ट्यात तोच हात बरोबर ठरतो. महिनाभराने पट्टा अर्धा करा. गोल सगळ्यात शेवटी, पाच-सहाव्या वर्षी. गोल कापताना कात्री फिरवायची नसते, दुसऱ्या हातातला कागद फिरवायचा असतो, हे बहुतेक मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. अंगठा वर आणि कोपर अंगाशी असेल तर हात बरोबर बसलाय. कोपर पंखासारखं वर उचललं गेलं की समजा, कागद वळवायचा राहिलाय.

गोंद

गोंदाची कांडी विदर्भाच्या उन्हाळ्यात तग धरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर पत्र्याचं छत. तिथे कांडी आधी मऊ पडते, मग टोपण नीट न लागल्याने सुकून खडूसारखी होते. सुकलेली कांडी मूल दाबून घासतं आणि कागद फाटतो.

पांढरा डिंक चांगला धरतो, पण त्याला वेळ लागतो. काडीवर काडी पक्की बसायला वीस ते तीस मिनिटं. मूल पाच मोजेपर्यंत दाबतं, हात काढतं, काडी घसरते. हे तीनदा झालं की चौथ्यांदा काड्या अंगणात. धीर धर म्हणून उपयोग नाही, कारण थांबलं तर काय होईल हे त्याने कधी पाहिलेलंच नाही. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणा. डिंक लावून चिमटा लावला की हात मोकळा आणि काडीही जागेवर. मग सांगा, जेवून झालं की चिमटा काढू. वाट पाहण्याला असं हाताशी धरता येणारं काहीतरी असावं लागतं.

कागदाला कागद चिकटवायला घरची खळ या दोन्हींपेक्षा सरस. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, एक वाटी उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर सतत ढवळायचं. मिश्रण चकचकीत झालं की उतरवायचं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून एवढीच करायची. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत. ते विष आहे, मुलांच्या खळीत नको. खळीचा मोठा गुण असा की ती लगेच पकडत नाही, त्यामुळे चिकटवलेला तुकडा मिनिट-दोन मिनिटं सरकवून नीट बसवता येतो. कागदकामात चूक परत घ्यायची सोय एवढीच.

क्ले आणि माती

बारा कांड्या ऐकायला भरपूर वाटतात. एकेक कांडी करंगळीएवढी असते. बैलाचं धड करता करता पांढरा संपतो, आणि पायांना हिरवा घ्यावा लागला की पाच वर्षांचं मूल बिथरतं. यात स्वभावाचा दोष नाही, माल कमी आहे. एका मुलाला एका बैठकीत किमान दोन मुठी माती लागते.

दुसरी अडचण थंडीची. तेलातली क्ले डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी दगड होते. पाच मिनिटं पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून मोठ्यांनी आधी मळून द्यावी. उन्हाळ्यात हीच क्ले इतकी ढिली होते की उभं केलेलं काही उभं राहत नाही. तेव्हा उभ्या वस्तू करायला बसूच नये, पाटीवर चपटं काहीतरी करावं: भाकर, साप, पान.

घरची मळलेली कणीक मात्र बाराही महिने चालते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, एक चमचा तेल, आणि पाऊण ते एक वाटी पाणी थोडं थोडं घालत. बोटाला चिकटली तर मैद्याची चिमूट, भेगाळली तर पाण्याचा हात. हळद किंवा बिटाचा रस घातला की रंग येतो. घट्ट डब्यात ठेवली तर थंडीत आठवडा जातो. मीठ खूप असल्याने मूल ती खात नाही ना, एवढं बघा, आणि वाळत ठेवलेलं काही बकरीच्या तोंडी लागू देऊ नका.

पोळ्याच्या बैलांना मात्र खरी मातीच. इथे गावोगाव एकच चूक होते: शेतातली काळी माती आणतात. कापसाची ही काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते, पण वाळताना फार आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच भेगा बैलाच्या मानेला पडतात. मुलाने दुपारभर खपून केलेला बैल सकाळी तीन तुकडे होऊन पडलेला दिसतो. त्याला कुणी सांगत नाही की दोष मातीचा होता.

तळ्याच्या गाळाची किंवा कुंभाराकडची माती घ्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तळी आहेत, तिथे प्रश्न नाही. कापसाच्या पट्ट्यात काळीच माती असेल तर चार भाग मातीला एक भाग चाळलेली बारीक रेती घाला, आणि मूठभर कापूस पिंजून मळताना मिसळा. रेतीने आकसणं कमी होतं, कापसाचे तंतू भेग धरून ठेवतात. माती फोडून, खडे काढून, एक दिवस भिजवून मग मळायची.

बैलाचे पाय का पडतात? मूल धड आधी करतं, मोठं करतं आणि त्याला ओले, बारीक पाय लावतं. ओल्या धडाचं वजन ओल्या पायांना पेलत नाही. क्रम उलटा करा. आधी चार पाय, अंगठ्याएवढे जाड आणि बोटाच्या दोन पेरांएवढे आखूड. ते सावलीत दोन-तीन तास ठेवा, दाबल्यावर ठसा उमटेल पण वाकणार नाहीत इतपत. मग धड. जोडायच्या दोन्ही जागांवर बाभळीच्या काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्यावर मातीचंच दाट पाणी लावायचं, दाबायचं आणि सांध्यावरची माती बोटाने वरून खाली पुसून घ्यायची. नुसता चिकटवलेला पाय वाळल्यावर सुटतो, पुसून घेतलेला टिकतो. आधाराला आत तुराटी खुपसायची सवय असेल तर वाळायच्या आधी काढून घ्या. काडी आकसत नाही, माती आकसते, आणि काडीभोवती भेग जाते.

पोळा श्रावणी अमावस्येचा, हवेत ओल भरपूर. बैल वाळायला चार-पाच दिवस लागतात, पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली, सावलीत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, बैल हवा असेल तर आठ दिवस आधी बसा. आदल्या दिवशी बसवलेलं मूल हमखास रडतं, आणि मग बाजारातून लाकडी नंदी येतो.

उरलेला माल: लोकरीची तार उत्तम, वाकवा, सोडा, पुन्हा वाकवा, फक्त टोकं बोचतात ती आत वळवून द्या. काड्या चांगल्या. डोळे आणि स्टिकर तीन वर्षांच्या आतल्या भावंडापासून दूर ठेवा, ते थेट तोंडात जातात.

मोठ्यांनी कुठे बसायचं

पेटीसोबत हे लिहून येत नाही, आणि खरं तर निम्मी पेटी हीच. मूल फेकायच्या आधी दोन-तीन मिनिटं खुणा देतं. श्वास धरतं. बोटांनी धरलेला खडू मुठीत जातो. त्याच जागी पुन्हा पुन्हा, आधीपेक्षा जोरात दाबतं. आणि कामावरची नजर उचलून तुमच्या तोंडाकडे बघतं. ही शेवटची खूण दिसली की जवळ जाऊन बसा, अजून बोलू नका. मनात दहा मोजा. कितीतरी वेळा एवढ्यातच त्याचा हात पुन्हा चालू लागतो.

नाही चालला तर विचारा, "कुठून निसटते, दाखव बरं." 'काय झालं' असं विचारलं की मूल रडायला लागतं, 'कुठून' विचारलं की बोट दाखवतं. बोट दाखवलं की अर्धी चिडचिड उतरते, कारण सगळंच बिघडलं आहे असं वाटत होतं ते आता एका जागेवर आलं. मग एकच सूचना. "पाय वाळू दे थोडा" किंवा "कागद फिरव, कात्री नको." तेवढ्यानेही नाही भागलं तर वस्तू धरून द्या: तुम्ही धड धरा, पाय त्याने लावावा. त्याच्याही पुढे जायचं तर स्वतःची वेगळी मूठभर माती घ्या, त्याच्या शेजारी बसून तोच पाय तुमच्या बैलाला लावून दाखवा, आणि चुकून दाखवा. पाडा, "माझा बी पडला, पुन्हा लावतो" म्हणा आणि लावा. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात साधारण सव्वा वर्षाच्या बाळांनी मोठ्या माणसाला खटपट करून यश मिळवताना पाहिलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खेळण्यावर जास्त वेळा प्रयत्न केले. सहज जमवणारा मोठा माणूस पाहून तसं झालं नाही.

त्याच्या वस्तूला मात्र हात लावायचा नाही. "आण इकडे, मी करून देतो" हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आबाजींनी, जिभेवर आवरावं. माया असते, पण मुलाला कळतं ते एवढंच की आपण अडलो की काम आपलं राहत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांवर मानसशास्त्रज्ञ ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं: कोडं सोडवताना मोठ्या माणसाने काम स्वतःच्या हाती घेतलं, तर त्या मुलांनी पुढच्या कामात लवकर हार मानली. त्याच्या बऱ्याच आधी, १९७६ मध्ये, डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडाच्या २१ ठोकळ्यांचा पिरॅमिड करायला शिकवताना मदतीचे प्रकार टिपले होते. चिडचिड आटोक्यात ठेवणं हे त्यांनी शिकवणाऱ्याचं वेगळं काम म्हणून नोंदवलं, आणि त्याच जागी धोकाही सांगितला: मूल शिकवणाऱ्यावरच विसंबू लागण्याचा. धरून देणं आणि करून देणं यात एवढंच अंतर आहे.

शाबासकीही कामाला चिकटलेली द्यावी. "किती हुशार!" ऐकलेलं मूल पुढच्या वेळी सोपं तेच निवडतं, कारण हुशारी जायची भीती असते. "चार वेळा पडला तरी पाय लावलास, आणि या वेळी रेघा ओढल्यास म्हणून टिकला," असं म्हटलं की त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

रडू फुटलंच तर समजावणं थांबवा, तेव्हा कानात काही शिरत नाही. पाणी द्या, अंगणात एक चक्कर मारू द्या. दरम्यान त्याची वस्तू आहे तशी सुपात ठेवा. घरात एक जुनं सूप याच कामासाठी असावं, 'अर्धवटाचं सूप', कोंबड्या पोचणार नाहीत अशा फळीवर. मातीवर ओलं फडकं टाकलेलं. मुलाला दिसलं पाहिजे की सोडलेलं काम फेकलं जात नाही, उद्या तिथेच सापडतं. अंगणवाडीत पंचवीस मुलांची अर्धवट कामं ठेवायची तर मोठी परात किंवा खोक्यांची झाकणं घ्या, आणि प्रत्येकावर नावाऐवजी मुलाने स्वतः काढलेली खूण.

भुकेलं, झोपेला आलेलं, तापातून उठलेलं मूल कामाला बसवू नका. तीन वर्षांचं दहा मिनिटं रमलं तरी भरपूर, पाच वर्षांचं वीस. आणि पाच पूर्ण होऊनही मूल खडू धरू शकत नसेल, हात थरथरत असेल किंवा वस्तू डोळ्याला चिकटवून बघत असेल, तर तो धीराचा प्रश्नच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तेव्हा ताईंना सांगून ते आवर्जून दाखवा.

पेटीशेजारी ठेवण्यासारखी बंडी

ज्वारीच्या धांड्याची बंडी ही या पेटीतल्या कुठल्याही नमुन्यापेक्षा सरस ठरते, कारण ती पूर्णपणे उलगडता येते. खरिपाची ज्वारी निघाली की अंगठ्याएवढे जाड, वाळलेले पाच-सहा धांडे आणि बाभळीचे पांढरे, सरळ काटे, वीसेक. हल्ली सोयाबीन-कपाशीत ज्वारी कमी झाली आहे, कडबा ज्याच्या घरी असेल त्याच्याकडून मागून आणावा, नाहीतर मक्याचं ताट चालतं. धांड्याची वरची साल पात्यासारखी कापते. ती सोलायचं आणि विळ्याने तुकडे करायचं काम मोठ्यांचंच.

आतलं भेंड इतकं मऊ असतं की चार वर्षांचं मूल हातोडीशिवाय काटा आरपार घालतं. दोन वीतभर तुकडे लांबीचे, त्यावर चार आखूड तुकडे आडवे, प्रत्येक सांध्यात एक काटा. चौकट तिरपी झाली? काटा उपसा, सरकवा, पुन्हा घाला. भेंडात भोक राहतं, पण काम अडत नाही. पुढे एक लांब दांडी, तिच्या टोकाला आडवं जू. चाकं जुन्या स्लिपरच्या तळव्याची, सहा सेंटिमीटरची. आख सरळ तुराटीचा, बंडीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे दोन बोटं जास्त.

चाक डुगडुगतं ते भोक मध्यावर नसल्याने. चाकाएवढा गोल कागद कापून त्याची दोनदा घडी घाला, घड्या जिथे छेदतात तो मध्य. कागद चाकावर ठेवून तिथे खिळ्याने खूण करा. दुसरी अडचण चाक न फिरण्याची: चाक आखावर घट्ट आणि आखही चौकटीला घट्ट. दोघांपैकी एकाने मोकळं असायलाच हवं. आख चौकटीत पक्का करा, चाकाचं भोक थोडं सैल ठेवा आणि बाहेरून खिळीसारखा एक काटा अडकवा, म्हणजे चाक निसटणार नाही. हे मुलाला सांगू नका. बंडी ओढून बघू द्या, चाक घासत जाईल. मग विचारा, "कोण फिरते, कोण फिरत नाही?" सहा-सात वर्षांची मुलं बहुधा स्वतःच शोधतात.

सहाच्या पुढच्या मुलाला टकळीही (सूत कातायची हातातली चाती) द्यावी. १९३७ च्या वर्धा परिषदेत शिक्षणाच्या मध्यभागी हाताचा उद्योग ठेवला गेला, आणि सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे हाताच्या उद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणात, मुलं सूत कातत. या कामात धागा तुटतोच, पहिल्या दिवशी दर हातभर लांबीला. तुटलेलं टोक दोन बोटं उलगडून पेळूच्या (कातायला केलेल्या कापसाच्या वळीच्या) तंतूंवर ठेवायचं आणि पीळ द्यायचा, की सूत पुढे चालू. तुटणं आणि जोडणं हा कामाचाच भाग असल्याने तिथे 'बिघडलं' असं काही होत नाही.

निकाल

पेटी आहे तशी दिली तर पाचपैकी दोन. झाकण काढून, कात्री बदलून, गोंदाच्या कांडीऐवजी खळ आणि चिमटे ठेवून, दोन मुठी मीठ-मैद्याची कणीक घालून आणि कार्डपेपर दोन महिने बाजूला ठेवून दिली तर साडेतीन. पैसे हाताशी नसतील तर पेटी न घेता चांगली कात्री, डझनभर चिमटे, पांढऱ्या डिंकाची छोटी बाटली आणि लोकरीच्या तारेचं एक पाकीट घ्या. निम्म्या किमतीत काम होतं. बाकीचं घरात आणि शेताच्या धुऱ्यावर आहे.

पेटीच घ्यायची असेल तर पार्सलने मागवण्यापेक्षा दुकानातून घ्या, म्हणजे कात्री तिथेच तपासता येते आणि क्ले बोटाने दाबून बघता येते. दाबल्यावर ठसा उमटला नाही तर माल जुना आहे, बदलून मागा. मार्च ते जूनमधे काचेमागे उन्हात पडलेल्या पेट्या घेऊ नका, शाळा सुरू झाल्यावर आलेला नवा माल बघा. दोन मुलांच्या घरात दोन पेट्यांपेक्षा एक पेटी आणि दोन कात्र्या बऱ्या.